जोडीतली खेळाडू

 

गेल्या महिन्यात फुलंब्रीकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा आला, तेव्हा एक बाई हळूच म्हणाली, "ताई, माझी पोरगी शाळेत बॅडमिंटन खेळते. पण सरांनी तिला एकटीला नाही घेतलं, जोडीत टाकलं. म्हणजे कमीच पडली ना ती?" मी तेव्हा नुसती हसले. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते.

उत्तर आहे बार्शीचं. 'बार्शी तिथं सरशी' म्हणतात ती बार्शी, सोलापूर जिल्ह्यातली, पण आपल्या मराठवाड्याच्या शिवेला लागून. तिथली प्रार्थना ठोंबरे, जन्म १९९४चा. ती टेनिस खेळते. टेनिस म्हणजे मोठ्या शहरातल्या क्लबातला खेळ असं आपण धरून चालतो. ही बार्शीची पोर २०१४ साली दक्षिण कोरियात, इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत उतरली आणि सानिया मिर्झाच्या जोडीनं महिला दुहेरीत कांस्यपदक घेऊन आली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. दोन वर्षांनी दोघी रिओ ऑलिंपिकला गेल्या. पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीशी गाठ पडली. पहिला सेट ७-६ असा गेला, दुसरा यांनी ७-५ असा घेतला, तिसरा ७-५ असा गेला. हरल्या, पण आकडे बघा, एकही सेट फुकट दिलेला नाही.

जोडीत खेळणं म्हणजे अर्धं खेळणं नव्हे. एकेरीत मैदानाची रुंदी २७ फूट असते, दुहेरीत ३६. खरी गंमत मधल्या जागेची. दोघींच्या बरोबर मधून चेंडू आला तर तो कुणाचा? दोघी धावल्या तर रॅकेटवर रॅकेट आपटते, दोघी थांबल्या तर गुण गेला. म्हणून जाळीजवळची खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते, मी कुठं सरकणार ते. समोरच्यांना दिसत नाही, मागच्या जोडीदारणीला दिसतं.

आता पोटापाण्याचं. सुरुवातीच्या लहान स्पर्धांत अख्ख्या स्पर्धेची बक्षिसं मिळून १५ हजार डॉलर असतात. त्यात दुहेरीचा वाटा एकेरीपेक्षा कमी, आणि जे मिळेल त्याचेही दोन हिस्से. विमानाचं भाडं, राहणं, खाणं मात्र अर्धं होत नाही. एक गोष्ट तेवढी चांगली आहे. पैसे वाटले जातात, पण क्रमवारीचे गुण वाटले जात नाहीत, ते दोघींनाही पूर्ण मिळतात. आणि पुढच्या स्पर्धेत घ्यायचं की नाही, हे दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून ठरतं. म्हणजे एक घसरली की दुसरीचाही दरवाजा बंद. गटात एकीचा हप्ता थकला की सगळ्यांचं कर्ज अडतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळं जोडीदारीण बदलत राहते. देश वेगळा, भाषा वेगळी, आणि दोन दिवसांत बोटांच्या खुणा जुळवायच्या. मला विचाराल तर यात एकेरीपेक्षा जास्त शहाणपण लागतं.

आणखी एक लेक आपल्या शेजारची, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकता शिकता खेळली. ३० सप्टेंबर २०२३ला चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीची अंतिम लढत होती. जोडीला रोहन बोपण्णा, वय ४३. तैवानच्या जोडीनं पहिला सेट ६-२ असा काढून घेतला. मग यांनी दुसरा ६-३ घेतला आणि शेवटचा १० गुणांचा निकाल १०-४ असा लावला. सुवर्णपदक!

पुन्हा प्रार्थनाकडं येते. एप्रिल २०२५, पुण्याचं म्हाळुंगे-बालेवाडी संकुल, बिली जीन किंग कप. देशादेशांची ही स्पर्धा, आधी दोन एकेरी, मग एक दुहेरी. दक्षिण कोरियाविरुद्ध भारतानं एक एकेरी जिंकली, एक हरली. सगळं दुहेरीवर आलं. अंकिता रैना आणि प्रार्थना उतरल्या, जिंकल्या, आणि भारत पुढच्या फेरीत गेला. प्रार्थना तेव्हा तीस वर्षांची होती. आपल्याकडं तिशीतली बाई जरा धावली तरी लोक विचारतात, काय हरवलं गं?

परवा त्या बाईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते पटलं ताई. पण आता जोडीतल्या दुसऱ्या पोरीला घरचे सोडत नाहीत. कापसाची वेचणी आहे म्हणतात, आणि पोरगी मोठी झाली म्हणतात." सामना पुढच्या आठवड्यात आहे. दुसरी आली नाही तर हिचाही गेला.

रविवारी गटातल्या आम्ही चौघी त्या दुसरीच्या घरी जाणार आहोत. वेचणीला दोन दिवस आमच्यातल्या दोघी जातील, असं ठरलंय. पोरीच्या आजीशी आधी बोलायचं आहे, कारण त्या घरात तिचा शब्द चालतो.