घरचं लहान कुत्रं

श्रोतेहो, संकरित जातीचं छोटं कुत्रं पाळायचं तर नुसत्या रंगावर भुलू नका. ८ आठवडे आईजवळ राहिलेलं, स्वच्छ डोळ्यांचं, हाक मारताच पुढं येणारं पिल्लू निवडा.

निफाडची द्राक्षं अन् लासलगावचा कांदा ही आपल्या नाशिक जिल्ह्याची दौलत. पण कुत्र्याला दोन्ही घातक. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होतात. कांद्यानं, मग तो शिजवलेला का असेना, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा कालवणात कुस्करलेली भाकरी नको, कोरडीच घाला.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्या. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. कुत्रं चावलंच, तर जखमेत हळद-चुना भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा अन् तडक दवाखाना गाठा. गुरुजी, एवढं वर्गात जरूर सांगा. मुलं चावा घरी लपवतात, अन् तिथंच घात होतो.