किल्ली कोणाच्या हाती?

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त मुलुंड येथे कामगार बांधव व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



१७ सप्टेंबर हा दिवस भारतीय मजदूर संघ राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. विश्वकर्मा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुतार, लोहार, कुंभार, शिल्पी उभे राहतात. २०२३ साली याच दिवशी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही असेच १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि ते उचितच आहे. पण या कुळाला एक धाकटा वारस आहे, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. कारखान्यातील स्वयंचलित यंत्रांची विद्युत नियंत्रणव्यवस्था सांभाळणारा जो अभियंता, त्याच्याविषयी मला आज बोलायचे आहे. कारखान्यात त्याला 'मेंटेनन्सवाला' म्हणतात. घरी विचारले तर आई सांगते, ''कंपनीत इलेक्ट्रिकचं काहीतरी काम करतो.''

त्याचे काम काय? यंत्राशेजारी लोखंडी कपाटासारखे एक पॅनेल असते. पूर्वी त्यात शेकडो रिले टकटक करीत असत. यंत्राचा क्रम बदलायचा झाला की सगळ्या तारा उपसाव्या लागत. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत मोटारउद्योगाच्या गरजेतून या रिलेंच्या जागी पीएलसी नावाचा छोटा औद्योगिक संगणक आला. मी कला शाखेचा पदवीधर. मला हे एका जुन्या तंत्रज्ञाने गृहिणीच्या उपमेने समजावले. दूध उतू जाते आहे का, कुकरची शिट्टी झाली का, हे ती पाहते, मनाशी ठरवते, हात चालवते आणि पुन्हा पाहू लागते. पीएलसी हेच चक्र सेकंदाला अनेकदा फिरवतो: सेन्सरकडून खबर घ्यायची, आज्ञावली तपासायची, मोटारीला, व्हॉल्व्हला हुकूम द्यायचा.

यंत्र थांबले की दोष या साखळीत नेमका कुठे आहे, ते हुडकायचे असते. सेन्सरवर तेलाचा थर बसला, की उंदराने केबल कुरतडली, की आपल्या पावसाळ्यातील दमटपणाने कनेक्टरला गंज चढला? सुटा भाग बदलणे दहा मिनिटांचे काम, तो कोणता हे ठरवण्यात रात्र जाते. एक बारीकशी गोष्ट सांगतो. जुन्या पद्धतीच्या अनेक पीएलसींमधली आज्ञावली एका छोट्या बॅटरीच्या आधारावर टिकून असते. बॅटरी संपलेली असताना वीज गेली, की यंत्राची स्मृतीच पुसली जाते. वीज परत येते, दिवे लागतात, यंत्र मात्र काहीही न आठवणाऱ्या माणसासारखे उभे राहते.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. प्रेसपुढे संरक्षक जाळी असते. जाळी उघडी असेल तर प्रेस खाली येऊ नये, म्हणून तिथे एक स्विच बसवलेला असतो. धोकादायक भाग झाकलेच पाहिजेत, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने आपल्याकडे बंधनकारक केले. समजा, रात्री दोन वाजता तो स्विच बिघडला. स्टोअरमध्ये दुसरा नाही. फाटकाशी ट्रक उभा आहे. वरून निरोप येतो, ''जंपर टाका, सकाळी बघू.'' जंपर म्हणजे तारेचा एक वीतभर तुकडा. तो टाकला की यंत्राला वाटते, जाळी बंद आहे. समोर उभ्या असलेल्या कामगाराला यातले काही ठाऊक नसते. त्याचे हात रोजच्यासारखे आत-बाहेर होत राहतात. त्या क्षणी त्या हातांचे रक्षण करणारा एकच माणूस जागा असतो आणि बऱ्याचदा तो स्वतः कंत्राटी असतो. 'नाही' म्हटले तर पुढच्या महिन्यात कंत्राट चालू राहीलच, याची शाश्वती नाही. धर्मसंकट हा शब्द आपण महाभारताच्या व्याख्यानांत फार ऐकतो. ते मरोळच्या एखाद्या गाळ्यातही उभे राहू शकते. अशा नकार देणाऱ्याच्या पाठीशी संघटना उभी राहिली नाही, तर ती संघटना कशासाठी?

दुसरा प्रश्न राष्ट्राचा आहे. अनेक यंत्रे परदेशातून येतात आणि त्यांच्या आज्ञावलीला पासवर्डचे कुलूप असते. यंत्राचे पैसे आपण पूर्ण भरतो, पण बिघाड झाला की परदेशी कंपनीच्या तंत्रज्ञाची वाट पाहतो, त्याच्या विमानभाड्याचे आणि मुक्कामाचे देयक चुकवतो. एखादा माणूस स्वतःच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडून रोज मागून घेऊ लागला, तर त्याला आपण घरमालक म्हणू का?

हे आपल्या पूर्वसुरींनी जाणले होते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ च्या सुमारास तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे काचेबरोबर कारागीरही घडले. परदेशी विद्या हस्तगत करून ती आपल्या माणसांच्या बोटांत उतरवणे, हा त्या स्वदेशीचा अर्थ होता. नुसते देशी लेबल चिकटवून ती साधत नाही.

येथून जवळच पवई आहे. १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी सुरू केलेली लार्सन अँड टुब्रो पुढे पूर्णतः भारतीय व्यावसायिकांच्या हाती आली. स्विचगिअर म्हटले की तिचेच नाव घ्यावे, अशी पिढ्यांनी कमावलेली पत होती. या कंपनीने आपला विद्युत व स्वयंचलन व्यवसाय सुमारे १४,००० कोटी रुपयांना फ्रान्सच्या श्नायडरला विकण्याचे २०१८ साली ठरवले. तो व्यवहार ऑगस्ट २०२० मध्ये पूर्ण झाला. आत्मनिर्भरतेची घोषणा झाली तेही हेच वर्ष! व्यवहार कायदेशीर होता, कंपनीच्या दृष्टीने शहाणपणाचाही असेल. पण त्यावर आपल्या मध्यमवर्गीय घरांत चर्चा झाली ती शेअरच्या भावाची, हे मला खटकते. पुण्याच्या मेसुंगसारख्या कंपन्यांनी भारतीय पीएलसी घडवले आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांच्या कानावर आले आहे?

कोणी म्हणेल, यंत्र चालल्याशी कारण. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, काही उपनगरे कित्येक तास अंधारात राहिली. पुढे २०२१ साली राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीचे कारण दिले. तो वाद बाजूला ठेवू. नियंत्रणव्यवस्थेत शिरून यंत्र नासवता येते, हे मात्र २०१० साली उघड झालेल्या स्टक्सनेटने सिद्ध केले होते. इराणच्या नतान्झ येथील सेंट्रिफ्यूजची गती त्याने बिघडवली आणि पडद्यावर सारे आलबेल असल्याचे आकडे दाखवत राहिला. त्याचा संसर्ग सर्वाधिक झालेल्या देशांत इराण, इंडोनेशियापाठोपाठ भारत होता. पडद्यावरचा आकडा खोटा आहे, हे यंत्राच्या आवाजावरून ओळखणारा माणूस आपल्याकडे हवा की नको?

ऐंशीच्या दशकात मजदूर संघाने अविचारी संगणकीकरणाला विरोध केला, त्याची पुष्कळ थट्टा झाली. दत्तोपंत ठेंगडींचा प्रश्न यंत्र हवे की नको एवढा ढोबळ नव्हता. ते कोणासाठी आणि कोणाच्या ताब्यात, हे त्यांना विचारायचे होते. तो प्रश्न आज पॅनेलच्या दारात येऊन उभा आहे.

म्हणून दोन मागण्या सुचवतो. यंत्र विकत घेतानाच आज्ञावलीची प्रत आणि पासवर्ड हाती मिळावा, अशी अट खरेदीच्या करारात असावी. युनियनने व्यवस्थापनाकडे तसा आग्रह धरावा. आणि येथील उद्योजक बंधूंनी भंगारात निघणारे चालू स्थितीतले पीएलसी मुलुंडच्या, बोरिवलीच्या आयटीआयला द्यावेत. मुलांनी ते उघडावेत, बिघडवावेत आणि पुन्हा जोडावेत.

येत्या खंडेनवमीला कारखान्यात पूजा होईल, पॅनेलवर झेंडूची माळ चढेल. त्याआधी जाणकाराकडून दार उघडून आतल्या बॅटरीवरची तारीख पाहून घ्या. मुदत संपली असेल तर आधी आज्ञावलीची प्रत काढून ठेवा आणि मगच बॅटरी बदलायला सांगा, तीही पीएलसीचा वीजपुरवठा चालू असताना.