रात्रीचा अभ्यास, कॉफी आणि पोट



परीक्षा जवळ आल्या की आपल्या घराघरांतून मध्यरात्र उलटून गेली तरी दिवे जळत असतात. मुलगा वाचीत बसतो आणि अम्मी मायेने त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवते. कॉलेजात असताना मीही असाच जागलो होतो. जेवण नावापुरते आणि कॉफी तीन पेले! सकाळी पेपर हाती आला तेव्हा उत्तरे येत होती, पण पोटात अशी आग पेटली होती की शेवटचे दोन प्रश्न तसेच सोडून उठावे लागले. दोष कॉफीचा नव्हता, ती घेण्याच्या माझ्या रीतीचा होता. म्हणून आज या लहानशा विषयावर बोलण्याचे योजिले आहे.

कॉफी आणि जागरण यांची सोबत जुनी आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रच्या वेळी झोप येऊ नये म्हणून ती घेत. आपल्या देशात तिचे बी बाबा बुडन यांनी येमेनहून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, असे परंपरा सांगते.

परंतु कॉफी शक्ती देते काय? नाही. शक्ती अन्नातून मिळते. आपण जागे असतो तसतसे मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व ते झोपेची सूचना देते. कॉफीतील कॅफीन ही सूचना अडवून धरते. थकवा जात नाही, तो फक्त कळेनासा होतो. ही उसनवारी आहे आणि ती झोपेनेच फेडावी लागते.

आता पोटाविषयी. कॉफीमुळे जठरात आम्ल अधिक पाझरते. अन्ननलिका व जठर यांमधील झडपही काहींच्या बाबतीत सैल पडते. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर, मळमळ सुरू होते. सर्वांनाच असे होते असे नाही. ज्याला होते त्याने काही पथ्ये पाळावीत.

रिकाम्या पोटी कॉफी घेऊ नये. आधी पोळी, केळे, काहीतरी खावे. मात्र जेवणाबरोबर ती घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते, म्हणून जेवणानंतर तासाभराने घेणे बरे. मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पेला लहान असावा, कॉफी पातळ असावी. दुधानेच पोट फुगत असेल तर दूध कमी करून पाहावे.

प्रमाणाचेही भान हवे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा सुचविली. म्हणजे ५० किलोच्या विद्यार्थ्याला १५० मिलिग्रॅम. चमचाभर इन्स्टंट कॉफीत ते साधारण ६० मिलिग्रॅम असते. दोन पेल्यांत हिशेब संपत आला! चहा, कोला यांचेही कॅफीन यातच धरावे. शिवाय पाच-सहा तासांनंतरही निम्मे कॅफीन अंगात उरते. म्हणून दुपारनंतर कॉफी टाळलेली बरी.

रमजानमध्ये इफ्तारला पहिला घोट कॉफीचा नसावा. खजूर, पाणी आणि थोडे अन्न आधी पोटात जाऊ द्यावे. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर डोके दुखते. यासाठी आठवडाभर आधीपासून पेले कमी करीत आणावे.

जळजळ पथ्यानेही थांबत नसेल, उलटीत रक्त किंवा काळा शौच दिसला, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे जावे.

पालकहो, मुलाने दिवसा वाचलेले त्याच्या झोपेत पक्के होते. तेव्हा रात्री अकरा वाजता त्याचा पेला पुन्हा भरू नका. त्याच्या डोक्यावरून हात फिरवा आणि दिवा मालवा. पहाटे तो आपण होऊन उठेल. आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या सकाळी पोट शांत असू द्या. माझे राहिलेले ते दोन प्रश्न तुमचे राहू नयेत, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.