यादीबाहेरचा भाडेकरू



सोलापूर हे श्रमिकांचे नगर. १८७७ साली येथे ‘जुनी मिल’ उभी राहिली आणि कामाच्या शोधात दूरदूरची माणसे आली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग गजबजला. कालांतराने मोठ्या गिरण्या बंद पडल्या, माणसे मात्र येथेच राहिली. पुरुष यंत्रमागावर राबू लागले, स्त्रियांनी विड्या वळून संसार सावरला.

विडी कामगार भगिनीचे घर केवळ निवारा नसते. कारखान्यातून आणलेली तेंदूची पाने ती घरीच भिजवते, कापते आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. छत गळले की तंबाखू भिजते, मजुरी बुडते. घरमालकाने खोली रिकामी करण्यास सांगितले, तर संसार आणि रोजगार एकाच दिवशी रस्त्यावर येतात.

या प्रश्नावर सोलापुरात भरीव काम झाले आहे. शहराजवळच्या कुंभारी येथे विडी कामगारांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीचे लोकार्पण २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. पुढे तेथेच असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यांपैकी १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. या दोन्ही प्रकल्पांसाठी माकपचे नरसय्या आडम यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. विचारभेद कितीही असोत, चांगल्या कामाचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे. प्रधानमंत्री आवास योजनेत अशा घराला केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये साहाय्य मिळते. उरलेला भार कामगार स्वतः उचलतो. म्हणून ही भीक नव्हे, श्रमाला दिलेली साथ आहे.

परंतु यादीत नाव येण्यासाठी कागद लागतो आणि कागदासाठी पत्ता लागतो. येथेच सर्वांत गरजू माणूस मागे पडतो. पदपथावर झोपणाऱ्यास पत्ताच नाही. वर्षानुवर्षे भाडे भरणाऱ्याच्या हाती अनेकदा साधे करारपत्रही नसते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्यांची तरतूद होती. २०१६ साली त्या अभियानास दीनदयाळ अंत्योदय योजना हे नाव मिळाले. आवास योजनेच्या २०२४ मधील दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचाही विचार झाला. योजना आहेत, त्यांच्या दारापर्यंत माणूस पोहोचत नाही.

ते दार उघडण्याची एक किल्ली मध्यमवर्गाच्या हाती आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वादात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरविण्याचा भार मालकावर येतो. तरीही थोडा खर्च वाचविण्यासाठी, ‘उद्या खोली बळकावली तर’ या धास्तीने, सुशिक्षित मालकही करार टाळतात. जो कागद दोघांचेही रक्षण करतो, तोच नाकारला जातो.

अंत्योदयाचा उच्चार व्यासपीठावर सोपा आहे. त्याचे आचरण मागच्या खोलीतील भाडेकरूपासून सुरू होते. प्रत्येक घरमालकाने करार नोंदवावा. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील एका बेघराचा वा भाडेकरूचा अर्ज भरून द्यावा आणि निर्णय होईपर्यंत त्याची साथ सोडू नये. शासन घर बांधू शकते. त्या घराच्या यादीत शेवटच्या माणसाचे नाव पोहोचविणे, हे समाजाचे काम आहे.