खाडीवरची फेरी आणि तिथीचा हिशेब

(सोसायटीच्या कोजागरी कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्या आधी बी विंगमधल्या वहिनींनी इंग्लंडचे फोटो दाखवले. मुलाकडे बर्मिंगहॅमला गेल्या असताना सगळ्यांनी मिळून एक दिवस बोट भाड्याने घेतली आणि पिवळ्या झालेल्या झाडांखालून कालव्यातून फिरले. बोट जेमतेम सात फूट रुंद, पण लांबीला आगगाडीच्या डब्यासारखी. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठावरून झपझप चालणारा माणूससुद्धा पुढे निघून जाईल. हे कालवे मौजमजेसाठी खणलेले नव्हते बरं का. अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा आणि माल वाहायला खणले. बोटी ओढायला घोडे होते. पुढे रेल्वे आली, धंदा बसला, आणि आता तिथे लोक सुट्टी घालवतात.

फोटो चालू असताना शेजारच्या एका मुलाने मला विचारलं, "आजोबा, आपल्याकडे असं काही नाही का?" म्हणून बँकेतल्या गमतीजमती पुढच्या वर्षी. आज त्याला उत्तर देतो.

आहे. इथून रिक्षाने किल्ल्यात जायचं आणि जेटीवर उभं राहायचं. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू आहे. गाडीने हायवेवरून वळसा घालून तीस किलोमीटरच्या वर पडतं, तेच अंतर पाण्यावरून साडेतीन किलोमीटर. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. आपल्यापैकी कितीजण बसलेत? हात वर करा... बघा, इतकेच! ट्रेनमधून खाडी रोज ओलांडतो, पण तेव्हा आपलं तोंड दुसऱ्याच्या पाठीला लागलेलं असतं.

गेल्या वर्षी कोजागरीनंतर दोन दिवसांनी आम्ही नऊ ज्येष्ठ नागरिक या बोटीने गेलो. बरोबर थालीपीठ आणि थर्मास. सकाळी आठच्या सुमारास किल्ल्यात पोचलो तेव्हा ओहोटी होती. तिवरांची मुळं उघडी, चिखलात बगळे, आणि हेही सांगायला हवं, की प्लास्टिकच्या पिशव्याही. बोट निघाली की मागे समुद्र, किल्ल्याची तटबंदी आणि पाचूबंदर, किल्लाबंदरचा कोळीवाडा. दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी चौक गावचा धारावी किल्ला. चिमाजी अप्पांच्या फौजेने आधी तो घेतला आणि मग मे १७३९ मध्ये वसई पडली. बोटीतून बघितलं की तो का घ्यावा लागला ते आपोआप कळतं. खाडीतून रसद येणार, आणि खाडीवर नजर तिथून.

या पाण्यावरून काय काय गेलं! जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू चर्चच्या दर्शनी भागाला वसईचा दगड आहे. तो जहाजातूनच गेला. पूर्वेला रेल्वेचा पूल दिसतो, त्याच्या मधोमध पाणजू बेट. तिथल्या माणसांच्या डोक्यावरून दिवसभर लोकल जातात, आणि त्यांना मात्र नायगावला यायला होडीच लागते. आपण पाच मिनिटं लिफ्ट बंद पडली तर सेक्रेटरींना फोन लावतो.

दीड वाजता परतलो तेव्हा सकाळचा चिखल पार दिसेनासा झालेला, पाणी तिवरांच्या पानांना टेकलेलं. इंग्लंडच्या कालव्यात पाणी वरखाली करायला दरवाजे लावलेत, ते माणसं हाताने ढकलतात. आपल्याकडे ते काम चंद्र करतो, आणि त्याचं वेळापत्रक पंचांगात आहे. कोळी बांधवांचा हिशेब अगदी सोपा. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीड वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण ढोबळ अंदाजाला पक्कं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती बेताची. पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं.

बायकामंडळी म्हणतील, हे आम्हाला कशाला? तर ऐका. आपल्या कंपाउंडमधलं पावसाचं पाणी गटारातून नाल्यात, नाल्यातून शेवटी खाडीत किंवा समुद्रात जातं. पंपाने नाही, उतारावरून आपोआप. खाडी भरलेली असेल तर ते पाणी जाणार कुठे? ते तळमजल्याच्या दारात थांबतं. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पूर्वी जादा पाणी मिठागरांत पसरायचं. तिथे आता इमारती उठताहेत, आणि आपल्यासारखीच माणसं तिथे घर घेणार, त्यांना दोष कसा देऊ? पण निदान नाल्यात थर्माकोल टाकू नये, तिवरांवर राडारोडा पडताना दिसला तर गप्प बसू नये, एवढं आपल्या हातात आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार गेली तर एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा वजन पडतं. हा अनुभव बँकेतल्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून घेतलाय.

येत्या जूनपासून नोटीस बोर्डावर उधाणाच्या तारखा आणि वेळा मी लिहून लावणार आहे. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर तळमजल्यावरच्यांनी स्कूटर आधीच वर काढाव्यात आणि पंपाच्या खोलीकडे वॉचमनने लक्ष ठेवावं. कमिटीने तोंडी होकार दिलाय, ठरावात येईल तेव्हा खरं.

आणि परवा द्वितीया. आठ वाजता गेटवर जमायचं, ओहोटी बघत जायचं, भरती बघत यायचं. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. बी विंगच्या वहिनी थालीपिठं आणणार आहेत, त्यांना मी अजून विचारलेलं नाही. ज्या मुलाने प्रश्न विचारला त्याचं नाव यादीत पहिलं घातलंय. बाकीच्यांनी दूध प्यायच्या आधी माझ्याकडे नावं द्यावीत.