नदीपलीकडचें मैदान



अमेरिकेंतील बेसबॉल हा खेळ जनरल ॲब्नर डबलडे यांनीं १८३९ सालीं कूपर्सटाऊन गांवीं शोधून काढला, असा निर्णय एका समितीनें १९०७ अखेर दिला आणि तो पुष्कळ वर्षें चालला. वस्तुतः १८३९ सालीं डबलडे हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकत होते! दांडूनें चेंडू टोलवून ठाण्यांमागून ठाणीं गांठण्याचे खेळ मुलें पूर्वीपासून खेळतच होतीं. त्यांस शिस्तीचें वळण लागलें तें वाढत्या न्यूयॉर्क शहरांत.

१८२० सालीं सुमारें सव्वा लाख वस्तीचें हें शहर १८५० पर्यंत पांच लाखांवर गेलें. शहर बेटावरचें, तेव्हां तें उत्तरेकडेच सरकणार. कारकून, पेढीवाले, डॉक्टर अशी मंडळी काम आटोपून मरे हिलवरील मोकळ्या जागेंत खेळत असत. तीही जागा वस्तीनें वेढली जाऊं लागली. २३ सप्टेंबर १८४५ रोजीं त्यांच्या ‘निकरबॉकर’ क्लबनें नियम लिहून काढले. त्यांतील एक मला फार मोलाचा वाटतो : धांवणाऱ्याच्या अंगावर चेंडू फेकून त्यास बाद करूं नये. इजेची ही भीति गेल्यावर चेंडू कठीण करतां आला आणि टोला लांब जाऊं लागला. म्हणजे शहरांतील जागा आटत असतांनाच खेळास ती अधिक लागूं लागली.

तेव्हां मंडळी हडसन नदी ओलांडून होबोकनला जाऊं लागली. तेथें स्टीव्हन्स घराण्याचें ‘एलिझियन फील्ड्स’ हें उपवन होतें. नदीवरील बोटीही याच घराण्याच्या, त्यामुळें लोकांनीं यावें ही मालकांचीही इच्छा! १९ जून १८४६ रोजीं तेथें झालेल्या सामन्यांत नियम करणारे निकरबॉकर २३–१ असे हरले. अपशब्द उच्चारल्याबद्दल एका खेळाडूस ६ सेंट दंड झाल्याची नोंद त्यांच्या वहींत आहे.

अर्थात् बोटीचें भाडें आणि मोकळी दुपार ज्याच्यापाशीं, त्याचेंच हें मैदान. पुढें ब्रुकलिनमध्यें जहाजें बांधणाऱ्या कामगारांनींही ‘एकफर्ड’ क्लब काढला. तेथेंच विल्यम कॅमायर यांची जागा हिंवाळ्यांत स्केटिंगसाठीं वापरली जाई. उन्हाळ्यांतही ती उपयोगी पडावी म्हणून १८६२ सालीं त्यांनीं ती कुंपणाच्या आंत बेसबॉलसाठीं खुली केली. क्लबांस ती फुकट दिली आणि प्रेक्षकांकडून दारावर १० सेंट घेतले. थोड्याच वर्षांत क्लबही त्या पैशांत वांटा मागूं लागले.