स्मरणचित्र आणि संकल्पचित्र
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "तू माणसं एवढी हुबेहूब काढतोस, मग ते सूत-पुठ्ठे चिकटवलेलं काय असतं रे?" एकाने हळूच विचारलं, "खपतं का ते?" खरं सांगतो, माझं घर व्यक्तिचित्रांवर चालतं. दुसरी चित्रं क्वचित विकली जातात. तरी मी दोन्ही काढतो, कारण दोन्हींची सुरुवात याच शाळेत झाली.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवा. स्मरणचित्राला जत्रा आली की निम्म्या वर्गाच्या कागदावर आपला गड्डा उतरायचा. नंदीध्वज, पाळणे, बाराबंदी घातलेले मानकरी. संकल्पचित्रात मात्र एक चौकोन आखायचा आणि तो पानं, फुलं, वर्तुळांनी भरायचा. ते फूल कोणत्या झाडाचं, असं सरांनी कधी विचारलं नाही. रंग जुळले का, मोकळी जागा नीट सुटली का, एवढंच ते बघायचे. म्हणजे अमूर्त चित्राचा पहिला धडा तुम्ही सगळ्यांनी घेतलेला आहे!

दुसरा धडा पूर्व भागातल्या मागांचा. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. त्या चौकटींवरून जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि त्या भोकांच्या हिशेबाने धागे उचलले जातात. कागद डोळ्यांजवळ धरला तर नुसते चौकोन, लांब धरला तर मोर. माझ्या कॅनव्हासवरचे पुठ्ठे आणि सूत तिथलंच आहे. माग बंद पडला की हे पुठ्ठे रद्दीत जातात. विणकराचा चेहरा मी रंगवतोच. पण मागाचा खडखडाट आणि तोच तो दिवसभराचा फेरा त्या चेहऱ्यात मावत नाही. तो पुठ्ठ्यांच्या ओळींत मावतो, असा माझा अनुभव आहे.

या वाटेने जाणारा मी पहिला नाही. प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६चा. जे. जे.मधून बाहेर पडल्यावर त्यांनी केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, आधी बनारसला, मग मुंबईत. कापडासाठी नक्षी करणारा हा माणूस कॅनव्हासवर घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू मोठ्या मोकळ्या जागेत ठेवायचा, तेही बऱ्याचदा एनॅमल रंगात. वस्तू ओळखू येतात, पण चित्र त्यांच्यापाशी थांबत नाही. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक मराठीतच आहे, जरूर वाचा. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडेही सुरुवातीला माणसं रंगवत होते. पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने त्यांनी जे केलं, त्यात आकृती उरली नाही. उलट आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपुरात जन्मलेले हुसेन अखेरपर्यंत आकृतीतच रमले. यातलं कोण खरं, असा प्रश्नच नाही. ज्याला जे सांगायचं होतं, त्याने त्यासाठी लागणारी रीत घेतली.

आता एक मागणं. हल्ली या परीक्षांना मुलं बसतात ती बहुतेक दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते, आणि अनेक शाळांत चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. आपल्या बॅचच्या निधीतून काय करावं, यावर दुपारी चर्चा आहे. कमान किंवा नामफलक होईल तेव्हा होईल. आधी चित्रकलेची खोली नीट करू. चांगला उजेड, मोठी टेबलं, पाण्याचा नळ आणि मुलांना फुकट कागद-रंग. वर्षातून आठ दिवस मी स्वतः येऊन शिकवीन, मानधन नको.

त्या खोलीतून सगळे चित्रकार निघणार नाहीत, निघायची गरजही नाही. पण एखादी गोष्ट जवळून आणि लांबून, दोन्हीकडून बघायची सवय डॉक्टरला, व्यापाऱ्याला, विणकरालाही उपयोगी पडते.